सामाईक धुरा

बाई, काल तुही तेरवी झाली. मांडव सुटला, भाड्याचे भांडे परत गेले, पाहुणे दारव्ह्याच्या जीपीत कोंबून बसले अन् आपापल्या गावाले गेले. आता मी माह्या ओसरीवर बसून लिहून राह्यली, अन् भिंतीपल्याड तुही सून रेखा तुह्या चुलीजवळ झाडून राह्यली. चाळीस वर्सं मी तुले 'बाई, तुम्ही' म्हणत आली. मोठी जाऊ पडली ना तू. तोंडावर 'तुम्ही', अन् मनात काय काय होतं ते देवालेच माहीत. आज पह्यल्यांदा 'तू' म्हणते. राग येत असन तं येऊ दे. तुले आता उलटून बोलता येत नाई, एवढी एक सोय झाली मले.

तीस वर्सं अंगणवाडीचे रजिस्टर भरले मी, शुद्ध लिहिता येते मले. पण तुह्यासंग शुद्ध बोलली असती तं तू पदर तोंडाले लावून हसली असती, 'सुमे, मीटिंगीत बसली काय वं?' म्हणून घरचंच लिहिते, जसं बोलत होतो तसं.

तेरवीले जो आला तो तुही तारीफ करून गेला. पार्वताबाईचा हात असा, पार्वताबाईचा जीव असा, झाडाझुडपाची माय होती म्हणे. मी मधात बसून मान हलवत होती. हलवावी लागते. पण खरं सांगू का, पोटात तेच जुनं दुखत होतं. मरून बी हेच पुढं! मी तुह्यावर जळे, बाई. थोडी नाई, गंज जळे. अन् त्या जळण्यापायी मी एक काम केलतं, जे तुले कधी सांगितलं नाई. ते काल सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्याच्या पुढं जे झालं, त्यापायीच हे लिहायले बसली.

मी या घरात आली तवा दहावी पास होती. गावातल्या सुनांमधी एवढी शिकलेली मीच. तुले सही येत नोती, अंगठा. मले वाटलं, आपला मान राहीन. कायचा मान! सासूबाईनं पह्यल्याच हप्त्यात सांगून टाकलं, 'सुमन, तू चिठ्ठ्या-पत्र्या पाह्य. ढोरावासरात पार्वतालेच जाऊ दे.' घरची गाय मी जवळ गेली का लाथ मारे. तू नुसता पाठीवर हात ठेवे, 'हो माय, हो' म्हणे, अन् ती पान्हावे. मी दारातून पाहत राहे. गाईपायी जळणारी बाई पाह्यली काय तू कुठं? मी होती.

मंग दोघं भाऊ वेगळे झाले. घराच्या मधात भिंत आली, वावराच्या मधात धुरा. पुण्याकडचे लोक त्याले बांध म्हणते. आपल्याकडं धुऱ्यापायी भाऊ भावाचं डोस्कं फोडते, दरसाल वखर घालताना बोटबोट धुरा कोरते अन् आपलं वावर वाढवते. आपला धुरा मात्र दोन हात रुंद तसाच राह्यला, सडकेपासून नाल्यापर्यंत. सामाईक. अर्धा तुहा, अर्धा माहा. पण कोणालेही विचारा, तो 'पार्वताबाईचा धुरा' म्हणे. माह्या अर्ध्याचं नाव बी कोणी घेतलं नाई.

त्या धुऱ्यावर पाणी पडलं का तरोटा उगवे, कुंजर उगवे, केना उगवे, अन् बोरीच्या काट्यावर काटवलाचे येल चढे. पेरलेलं काईच नाई. दुसऱ्यासाठी ते गवत, तुह्यासाठी रानभाजी. तू तिथी वाकून एकेक पान खुडे, शेंड्याचे दोन-तीनच. कोणी झाड उपटलं तं तुह्या जिवावर ये. अन् दर चार-पाच पावलावर एक दांडगं झाड पाहून त्याले जुन्या लुगड्याची चिंधी बांधे, बियासाठी राखलेल्या दोडक्याले बांधतो तशी. चिंधी दिसली का गावातली कोणतीच बाई त्या झाडाले हात लावत नोती. 'ते बियाचं हाय, पार्वताबाईनं राखलं.' मी म्हणे, रानभाजीचं बी कोण राखते वं? ती आपोआप येते. तू म्हणे, 'आपोआप काईच येत नाई सुमे. कोणीतरी सोडून देल्लं असते म्हणून येते.' तुहं असं बोलणं ऐकलं का मले अंगणवाडीतले तक्ते फाडून टाकावे वाटे.

भाजीचं तं विचारूच नोको. एकाच धुऱ्यावरचा तरोटा, एकाच घाण्याचं तेल, तोच कांदा, तीच भिजवलेली तुरीची डाळ, अन् मी केली का कडू. तू केली का माहा नवरा, हो, माहा नवरा, भिंतीजवळ उभा राहून आवाज दे, 'वयनी, तरोटा केला काय? वास येऊन राह्यला.' अन् कटोरी घेऊन जाये. माह्या हातची भाकर अन् तुह्या हातची भाजी, माह्याच समोर बसून जेवे. एकदा मी हरून विचारलं, काय घालता तुम्ही त्यात? तू म्हणाली, 'तू कवा खुडतं ते सांग.' म्हटलं, कामं आटपल्यावर, सांजेले. 'सांजेले तरोट्याचे पानं मिटते वं. झोपलेल्या झाडाले हात लावशीन तं ते कडूच होईन.' मले वाटलं चिडवून राह्यली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाह्यलं तं खरंच, दिवस बुडायच्या आत पानं जोडून झोपलेले. एवढे वर्सं त्याच्याच बाजूनं जात होती, कधी दिसलं नोतं. मंग सकाळी खुडून केली. हे म्हणे, 'बरी हाय.' बरी!

असं नाई का तू मले काई देल्लं नाई. एकदा यांच्यासंग कडाक्याचं भांडण करून मी वावरात जाऊन बसली, माहेरी जायच्या इराद्यानं. तू मांगून आली. समजावलं नाई, विचारलं नाई. बाजूले बसली, ओटीतला केना काढला अन् निवडायले लागली. अर्धा माह्या पुढं टाकला. दोघी मिळून निवडला. निवडता निवडता माहा राग कुठं गेला ते समजलं नाई, अन् मी तुह्या मांगं मांगं घरी आली. आधी मले धुऱ्यावर नुसतं हिरवं दिसे. आता सडकेनं जाताना बी एकेक झाड दिसते, हे तूच करून ठेवलं. पण त्याचाही मले राग ये, का हे तुह्याकडून शिकावं लागलं.

आपलं भांडण कायम एकच. तू म्हणे, माणसानं रानाची वाट लावली. मी म्हणे, कोणत्या माणसानं? नाव घ्या. तू गप्प बसणारी थोडीच. 'आपणच वं. मी, तू, आपले नवरे.' हे मात्र मानावं लागते तुले. बाकीचे म्हातारे आपल्या काळचं गोड गोड सांगते अन् सगळा दोष आताच्या पोट्ट्यांच्या माथी मारते. तू तसं केलं नाई. युरियाची पह्यली बोरी घरी आली तवा तूच तिले हळदकुंकू लावलतं अन् नारळ फोडलतं, हे तू सवताच सगळ्याले हसत सांगे. 'लक्ष्मी आली म्हणून ओवाळली मी. त्या लक्ष्मीनं गांडुळं खाल्ले सगळे.' नाल्याकाठचं मोहाचं झाड तोडलं, तवा बी तूच भासऱ्याले, तुह्या नवऱ्याले, म्हणलतं का तोडा, पोराले फटफटी पायजे. मंग तीन वर्सं मोह फुलायच्या दिवसात त्या बुंध्याजवळ जाऊन बसे. मी म्हणे, आता रडून काय फायदा? तू म्हणे, 'रडून नाई राह्यली वं. वास येते का ते पाहून राह्यली.'

अन् माही बाजू बी चुकीची नोती, हे आज बी सांगते. निंदायले बाया भेटत नाई. सोयाबीनात तण गुडघ्याएवढं होते, यांचे सवताचे गुडघे गेलेले, पोरगा पुण्याले. तणनाशक मारलं नसतं तं काय वावर पडीत पाडलं असतं? तू म्हणे, 'तण म्हणजे काय वं सुमे? ज्याचं नाव आपल्याले माहीत नाई ते तण.' मी म्हणे, नावं पाठ करून सोयाबीन होत नाई. तू हसे. मी चिडे. हे भांडण तसंच अर्धं राह्यलं. मले ते एकदा तरी जिंकायचं होतं.

मंग दारव्ह्याले तो रानभाजीचा कार्यक्रम झाला. कागद अंगणवाडीत आला, म्हणजे माह्याच हाती. सुपरवायझर मॅडमनं विचारलं, गावात कोणाले माहिती हाय, अन् माह्या तोंडातून तुहं नाव निंघून गेलं. तू सांगत गेली अन् मी तीसेक भाज्या लिहून काढल्या, मोत्यासारख्या अक्षरात. कोणती कवा खुडायची, कशी करायची, कोणत्या दुखण्यावर चालते. तू तिथी टोपली घेऊन नुसती बसली. साहेब लोक आले अन् वाकून वाकून विचारे, 'आजी, हे काय? आजी, ते काय?' तुले शाल, तुले नारळ. पेपरात फोटो आला. त्या फोटोत तू, तुही टोपली, अन् एका कोपऱ्यात माहा अर्धा खांदा. पदराच्या रंगावरून मीच ओळखला तो. तीस वर्सं मी हिरव्या पालेभाज्याचा तक्ता लावून बायांले लोह अन् जीवनसत्त्व शिकवलं, मले कोणी शाल देल्ली नाई. तू पेपर माह्यापुढं धरला, 'वाच ना वं, काय लिहिलं माह्याबद्दल.' मी वाचून दाखवलं. सगळं, एक अक्षर न सोडता.

पुढच्या सालची गोष्ट. सोयाबीन वीसेक दिवसाचं झालतं. यांचे गुडघे धरले होते, म्हणून मी एकटीच वावरात गेली, शंकर फवारेवाल्याले घेऊन. त्याच्याजवळ दोन औषधं होते. एक सोयाबीनातलं, ते तेवढं तण मारते अन् पीक ठेवते. दुसरं सगळंच जाळते, पडीत जागेवर मारायचं. शंकरनं वावर आटपलं अन् पाठीवरचा पंप उतरवायले लागला. समोर धुरा, हिरवागार. तुह्या चिंध्या त्याच्यावर हालून राह्यलत्या. त्याच सकाळी हे जेवताना म्हणलते, 'वयनीच्या धुऱ्यावर यंदा तरोटा मस्त हाय.' वयनीच्या धुऱ्यावर! मी शंकरले म्हटलं, 'ते दुसरं भर अन् धुऱ्यावर बी मार.' तो म्हणे, 'काकू, मोठ्याबाईचा हाय ना तो?' मी म्हटलं, 'सामाईक हाय. अर्धा माहा.' तो हसला. 'अर्ध्यावर कसं मारू? हवेनं उडते ते.' म्हटलं, 'मंग सगळ्यावर मार. तणच तं हाय.' डब्बा माह्या हाती होता. त्याच्यावर काय लिहिलं ते मी वाचलतं. चुकून झालं असं म्हणायची मले जागा नाई.

चौथ्या दिवशी धुरा पिवळा पडला, आठव्या दिवशी वाळला. तू आली तवा मी बाभळीखाली शिदोरी सोडून बसली होती. मी तुले दिसली का नाई, हे मले आजवर समजलं नाई. तू सडकेकडून नाल्याकडं चालत गेली. बोंब नाई, शिवी नाई, कोणाच्या नावानं बोटं मोडले नाई. मंग परत फिरली अन् वाकून एकेका वाळल्या काडीची चिंधी सोडायले लागली. गाठी ओल्या होत्या, सुटत नोत्या, तं तू दातानं सोडल्या. औषध मारलेल्या धुऱ्यावर, दातानं! मी उठून 'बाई, तोंडात घालू नोका' म्हणायले पायजे होतं. मी उठली नाई. तू सगळ्या चिंध्या ओटीत घेतल्या अन् घरी गेली. मले वाटलतं, आज आपल्याले गार वाटीन. शिदोरी तशीच बांधून परत आणली मी.

मी वाट पाह्यली, तू भांडायले येशीन. उत्तर तयार ठेवलतं, माहा बी अर्धा हाय म्हणून. तू आली ते चाळणी मागायले. चाळणी घेतली, चार शब्द पावसापाण्याचे बोलली अन् गेली. त्यानंतर गावात कुठंही धुऱ्याचा विषय निंघाला का मी उठून जाये. कोणी काय बोलते ते ऐकायलेच थांबत नोती. मले भेव वाटे, शंकर बोलला असन, कोणाले तरी समजलं असन.

पुढच्या उन्हाळ्यापासून तू बोरी गावच्या बाजाराले जाताना रिकामी टोपली नेऊ लागली अन् येताना अडाण नदीच्या काठची माती आणू लागली. जिथी केना-तरोटा दाट होता तिथली वरवरची माती, बी पडलेली. जीपीत टोपली मांडीवर. लोक हसे, 'पार्वताबाई, बाजारात माती भेटली काय?' तू ती धुऱ्यावर पसरे अन् वरून काट्या टाके. पह्यल्या साली काई आलं नाई. दुसऱ्या साली केना आला, थोडासा. तिसऱ्या साली तरोटा आला. मले बरं वाटलं, शपथ घेऊन सांगते बरं वाटलं, अन् त्याच घडीले आंगाची लाही झाली. मेलेला धुरा बी उठते काय वं तुह्या हातानं! मी अंगणात कढीपत्ता लावते तं तो वाळते.

त्या सालची पह्यली भाजी तू वानवळा म्हणून पाठवली. कोणाले? मले. रेखा कटोरी घेऊन दारात, 'आई म्हणे, पयले काकूले दे.' मले ती कटोरी हातात धरवेना. हिले माहीत हाय म्हणून पाठवली, का माहीत नाई म्हणून? मांगच्या दारी जाऊन मी ती म्हशीपुढं टाकली. म्हशीनं हुंगली अन् तोंड फिरवलं. तरोट्याले ढोर तोंड लावत नाई, हे बी तूच सांगितलतं मले. कटोरीत बुडाशी उरली होती तेवढी मी उभ्याउभ्या खाल्ली. मस्त झालती. ते बी खटकलं.

औंदा पोळ्याच्या आधी तू खाटेवर पडली ते उठलीच नाई. यवतमाळच्या दवाखान्यातून तुले घरी आणलं तवा काय ते सगळ्याले समजलतं, तुलेही. मी रोज येऊन पायथ्याशी बसे. रोज ठरवून ये, आज सांगते. बाई, तो धुरा मी जाळला. एवढंच तं म्हणायचं होतं. सहा वर्सं तोंडात घेऊन फिरत होती. एका दुपारी घरात आपण दोघीच. तू दाराबाहेर पाहत म्हणाली, 'सुमे, तरोटा फुलावर आला असन.' मी म्हटलं, हाव, आला. मंग म्हटलं, 'बाई, मले तुम्हाले एक सांगाचं हाय.' तू मान वळवली अन् माह्याकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. अन् म्हणाली, 'पाणी दे.' मी पाणी देल्लं. तू एक घोट घेतला अन् डोळे मिटले. मले सुटल्यासारखं वाटलं, याचीच लाज वाटते आता. दोन दिवसानं तू गेली.

म्हणून काल. जेवणं झाले, माणसं मांडवात सुपारी कातरत बसले, बाया ओसरीवर. एक पाहुणी म्हणाली, 'मधात एकदा तो धुरा जळलता ना वं?' मी उठून जायले लागली, अन् परत खाली बसली. माह्या आंगात काय आलं कोण जाणे. मी मोठ्यानं म्हटलं, 'तो धुरा मी जाळला. शंकरले मीच सांगितलं. डब्बा वाचून सांगितलं. मले बाईचा हेवा वाटे म्हणून.'

मांडवातल्या माणसांच्या बी माना वळल्या. मले वाटलं, आता कोणी थुंकीन, कोणी 'अव माय' म्हणून तोंडावर पदर घेईन, रेखा घरातून हाकलून देईन. रेखा उठली, माह्याजवळ आली अन् माहा हात धरला. डोळ्यात पाणी. 'काकू, काहून आपल्या आंगावर घेता? आईनं आम्हाले तवाच सांगितलतं. शंकरले तिनंच मारायले लावलं. वाचता येत नोतं, कोणता डब्बा ते समजलं नाई. आपल्या हातानं आपला धुरा जाळला म्हणून किती रडली ती.'

मी म्हटलं, खोटं हाय ते. शंकरले विचारा. तं शंकर कवाचाच वणीकडं कोळशाच्या ट्रकवर गेला, त्याचा पत्ता कोणाजवळ नाई. यांच्याकडं पाह्यलं, तं हे म्हणाले, 'अवं, वयनीनं मले बी तसंच सांगितलतं.' एक बाई दुसरीले सांगून राह्यली, 'लोक किती हसले तिले! रानभाजीवाली बाई अन् सवताच औषध मारते म्हणे. सगळं ऐकून घेतलं बिचारीनं.' मी पुन्हा म्हटलं, अवं मी केलं, मी! तं रेखानं मले पोटाशीच धरलं. 'बस करा काकू. आईसाठी एवढं नोका करू.'

समजलं काय तुले, तू काय करून गेली? तुले माहीत होतं. पाणी मागितलं तवा बी माहीत होतं. माह्यासाठी केलं, हे न समजायले मी काई लहान लेकरू नाई. मी याच गावात राहाची, लोकांनी मले पाण्यात पाह्यलं असतं, यांनी तोंड फिरवलं असतं. तू वाचवलं. उपकार हाय ते, म्हणते मी उपकार. पण मले न विचारता कायले केले? आयुष्यात एक काम मी सवताच्या बुद्धीनं केलतं, वाईट केलतं, पण ते माहं होतं. ते बी तू आपल्या नावावर करून घेतलं. माफी मागाची होती मले. ती आता कोणाले मागू? इथी तं कोणी मानतच नाई का मी काई केलं.

आज सकाळी हापशीवर गेली. बाया बाजूले सरकल्या, पयले मले भरू देल्लं. मांगून एक म्हणाली, हळूच, पण मले ऐकू येईन एवढ्या आवाजात, 'पार्वताबाई चांगलीच होती वं, पण सुमनकाकूचं मन तिच्याहून मोठं.' चाळीस वर्सं मी हेच ऐकायची वाट पाह्यली, बाई. तुह्याहून. मी घागर डोक्यावर घेतली, अन् तिले 'नाई' म्हटलं नाई.